लांब काठीचा तिसरा टोला

त्या वर्षी मला घरात एक जागा धरून बसवत नव्हतं. बसले की उठावंसं वाटे आणि उठले की कुठं जायचं ते ठाऊक नसे. बुलडाण्यात मुलींची शाळा जिथं संपत होती तिथं माझी संपली होती, आणि पुढचं कोणी बोलत नव्हतं. म्हणजे माय बोलत होती, पण माझ्याशी नाही, शेजारणींशी, आणि तेही आवाज बारीक करून. दिवसभर मी ओसरीवरून माजघरात, माजघरातून परसात अशा येरझारा घाली. विहिरीवरचा रहाट कुरकुरला की वाटे कोणी आलं. मलकापूरची मोटार भोंगा वाजवत निघाली की हातातलं काम टाकून मी फाटकाशी जाई आणि त्या धुळीत बसलेली माणसं कुठं चालली असतील याचा उगाच विचार करी. माय म्हणायची, "पायाले भिंगरी लावून ठेवली काय वं? बस ना जराशी." बसणं हेच तर मला जमत नव्हतं. आता गुडघे बसवतात म्हणून बसते, पण मनातून अजून नाही.

आमचे आबा वकील होते. मूळचे अमडापूरचे, शेतकऱ्याच्या घरातले. घराण्यात काळा कोट घालणारे ते पहिलेच, त्यामुळे कोट त्यांच्या अंगावर जरा जास्तच ताठ असे. कोर्टात त्यांची उलटतपासणी ऐकायला लोक उभे राहत. साक्षीदार खोटं बोलतो आहे असं वाटलं की आबा आवाज चढवत नसत, उलट खाली आणत, आणि समोरच्याचा घसा कोरडा पडे. ही सवय ते घरीही घेऊन येत. पुराव्यावाचून ते मायचंही ऐकत नसत. दूध नासलं म्हटलं तर पातेलं समोर आणावं लागे. माय चिडायची, "मी काय आरोपी हाओ काय?" आणि त्यांच्या ताटात कळण्याची भाकर जरा जोरानं आपटायची. आबा जवसाची चटणी बोटानं चाखत शांतपणे म्हणायचे, "आरोपी नाई. साक्षीदार." मला हसू यायचं, पण अमरावतीचा विषय निघाला की हेच आबा गप्प व्हायचे. अमरावतीला मुलींची मोठी शाळा होती आणि राहायची सोय होती. मला तिथं जायचं होतं. शाळा संपल्यापासून मी तीनदा विचारलं होतं आणि तिन्ही वेळा उत्तर आलं होतं, "पाहू." कोर्टात तारीख पुढं ढकलतात, तसा माझा प्रश्न ढकलला जात होता.

अशात आमच्या घरी काठ्या आल्या. बदली होऊन जाणारा प्रत्येक साहेब आपल्या सामानाचा लिलाव करी. आबा एका लिलावाला टेबल घ्यायला गेले आणि टेबल दुसऱ्यानं नेलं म्हणून चामड्याची एक लांबुळकी पिशवी घेऊन आले. आत गोल्फच्या सात काठ्या, थोडे चेंडू आणि चित्रांचं एक इंग्रजी पुस्तक. त्या सुमारास साहेबलोक कमी झाले होते, तेव्हा टेकडीलगतच्या त्यांच्या मैदानावर दोन-चार हिंदी माणसांनाही खेळायची मुभा मिळाली होती. मैदान कसलं, मुरमाड माळच तो. हिरवळीचं नाव नाही. भोकांभोवती वाळूत काळं तेल कालवून गोल लिंपलेले, आणि गुरं मधून खुशाल फिरत. पण आबांना बोलावणं आलं आणि ते गेले. धोतर सोडून पाटलोण चढवून गेले. मायनं फाटकापर्यंत जाऊन पाहिलं आणि आत येऊन पदरात तोंड धरून हसली.

आबा हा खेळ पुस्तकातून शिकले. सकाळी घरामागच्या पडीक वावरात ते पुस्तक दगडावर उघडं ठेवत आणि कायद्याची कलमं वाचावीत तसं मोठ्यानं वाचत. "मान हालवाची नाई. डोया चेंडूवर. टोला मारल्यावरबी वर पाहाचं नाई." मग काठी उचलत. आखूड काठ्या त्यांना लवकर वश झाल्या. चेंडू टुणकन उठून विहिरीजवळच्या निंबापर्यंत जाई आणि आबा मिशीवरून हात फिरवत. पण लांब काठ्यांपाशी घोडं अडलं. सगळ्यांत लांब जी, तिला पुस्तकात ड्रायव्हर म्हणत, आम्ही नुसतं लांब काठी म्हणायचो. ती हातात घेतली की शांत माणसाचं काहीतरी होई. दात-ओठ खाऊन ते असा टोला घालत की चेंडू जागच्या जागी दोनदा उड्या मारी आणि गवतात जाऊन निजे. मैदानावर चौथ्या भोकाच्या वाटेत एक नाला होता, आणि त्यापलीकडे कोणाचं तरी कपाशीचं वावर. साहेबांचे चेंडू नाल्यावरून जात. आबांचा एकही गेला नव्हता. दर रविवारी ते दोन-तीन चेंडू नाल्याला वाहून येत आणि जेवताना कोणाशी बोलत नसत. राहिलेल्या चेंडूंवर ते लाल शाईनं तीन ठिपके काढत, म्हणजे सापडले तर ओळखता यावेत.

आबा कोर्टात गेले की दुपारी मी काठी घेऊन मागच्या वावरात जाऊ लागले. आधी आखूड. लहानपणी अमडापूरला चुलतभावांबरोबर मी विटी-दांडू खेळले होते, आणि विटी कोलण्यात माझा हात धरणारा त्यांच्यात नव्हता. त्याच हातानं मी चेंडू कोलला. खालून अलगद उचलून वर उडवला. पहिल्याच दिवशी तो निंबाच्या वरून गेला. मला वाटलं, एवढंच काय ते. आबा उगाच महिने घालवून राहिले. नऊवारीचा काष्टा मारून, पदर कमरेला खोचून मी रोज मारत सुटले. तेवढा एक तास मला कुठं जावंसं वाटत नसे. मग एका दुपारी लांब काठी काढली. चेंडू ठेवला, आणि तसाच कोलायला गेले. काठीचं लाकडी डोकं चेंडूच्या हातभर मागे मुरमात रुतलं, आणि हाताला झिणझिण्या आल्या त्याबरोबर कडाड असा आवाज झाला. दांडा मधोमध मोडून एका ढलपीनं लोंबत होता. चेंडू जागचा हललाही नव्हता. मी त्याच्याकडे पाहत उभी राहिले.

साळूबाई तेवढ्यात जात्यावरचं दळण आवरून परसात आली होती. ती आमच्याकडे दळण-कांडणाला यायची आणि कापूस फुटला की सकाळच्या वेचणीला जायची. जीभ तिखट, पण पोट मोठं, कुणाची गोष्ट बाहेर पडायची नाही. तिनं काठीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "रडू नको वं माय. करीमचाचाले दाखवू. त्यानं गाड्याचं जू सांधलं, हे तं काडी हाये." काठी तिनं दळणाच्या पोत्यात लपवली आणि आम्ही दोघी बाजारामागच्या करीमचाचांच्या सुतारकामाच्या छपरात गेलो. चाचा वखराचे दांडे, बैलगाडीच्या धुऱ्या करीत. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून मोडका दांडा हुंगला, वाकवला, नखानं खरवडला. "विलायती लाकूड हाये, बेटी. हे अथी नाई भेटत. मी धावड्याचा घालून देतो. पण ऐक, धावडा वजनदार राह्यते. त्याले जबरदस्ती नाई चालत. मारशीन तं तुह्येच हात दुखतीन. त्याले फिरू दे, त्याचं तो मारते." हे त्यांनी कुऱ्हाडीच्या दांड्याबद्दल सांगावं तसं सांगितलं. गोल्फ त्यांनी आयुष्यात पाहिला नसेल. पण आबांच्या त्या पुस्तकात चाळीस चित्रं देऊन जे सांगितलं होतं ते एवढंच होतं, हे मला पुष्कळ पुढं कळलं.

नवा दांडा सुरेख झाला होता, पण रंगानं काळसर. मी तेल-हळद लावून तो जुन्यासारखा करायला पाहिला आणि अधिकच बिघडवला. रविवारी सकाळी आबांनी पिशवीतून लांब काठी काढली आणि हातात तोलली. लगेच खाली ठेवली. अंगणात मी, माय आणि सुपानं ज्वारी पाखडत बसलेली साळूबाई. आबांनी आवाज खाली आणला.

"हे कोनं केलं?"

मायला तर काठी मोडल्याचं ठाऊकच नव्हतं. आबांची नजर साळूबाईवरून फिरून माझ्यावर थांबली, आणि मी म्हणाले, "म्या मोडली. अन् म्याच दुरुस्त करून आनली."

"तुले काय कराचं होतं तिचं?"

"मारून पाहाचं होतं."

"तुले?" आबा हसले. ते हसणं मला झोंबलं. "वर्ष होत आलं मी मारून राह्यलो. माह्याच्यानं नाल्यापलीकडे जात नाई अन् तू मारून पाहाते?"

मी काय बोलले ते आता आठवूनही अंगावर काटा येतो. मी म्हणाले, "तुमच्यानं जात नाई म्हून माह्याच्यानंबी जाऊ नये काय?"

माय म्हणाली, "वेणू!" साळूबाईचं सूप थांबलं. आबांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मग ते एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "ठीक हाये. तीन चेंडू देतो. पुढच्या आयतवारी. एक जरी नाल्यापलीकडे गेला तं मी तुले अमरावतीले धाडतो. नाई गेला तं खामगावचे पाहुणे पाहाले येऊन राह्यले, त्याईच्या समोर मुकाट्यानं बसाचं."

खामगावच्या पाहुण्यांबद्दल मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. सरकी-कापसाच्या व्यापारातलं घर होतं, मुलगा एकुलता एक, माणसं चांगली होती असं नंतर सगळे सांगत. असतीलही. पण त्या सकाळी मला पाहुणे दिसले नाहीत, माळावरचा तो नाला तेवढा दिसला. आबा रागात दिलेला शब्दही परत घेत नाहीत असं सगळं बुलडाणं म्हणे. म्हणजे वाट उघडी होती. एका आठवड्याची आणि तीन चेंडूंची.

तो आठवडा मी कशी जेवले, कशी झोपले, मला सांगता येणार नाही. मायनं माझ्याशी बोलणं टाकलं होतं. ती पाहुण्यांसाठी गूळ-डाळ निवडत बसे आणि मागच्या वावरातून धप्पकन आवाज आला की मान वळवून घेई. धप्प हाच आवाज होता. मी कोलत होते आणि लांब काठी कोलून घेत नव्हती. आखूड काठीनं खालून उचललेला चेंडू उठतो, कारण तिचं पातंच मागे कललेलं असतं. लांब काठीचं तोंड उभं. तिनं उचलायला गेलं की एक तर माती खणली जाते, नाही तर चेंडूचं टाळकं खरडतं आणि तो सरपटत जातो. हे सगळं आज मी शहाण्यासारखी सांगते आहे. तेव्हा मला एवढंच कळत होतं की जितका जोर लावावा तितका चेंडू जवळ पडतो. हाताला फोड आले. मी हळद दाबून वर चिंधी बांधली आणि पुन्हा मारलं. रागानं मारलं, रडत मारलं, एकदा तर काठी निंबावर फेकून दिली आणि लगेच धावत जाऊन दांडा तपासला.

गंमत म्हणजे आबांना राहवत नव्हतं. गुरुवारी सकाळी ते कोर्टाचा कोट घालून मागच्या ओट्यावर आले, जणू दातवणाची काडी शोधायला. माझे चार टोले पाहिले. मग हवेत बघत म्हणाले, "आखूड काठी राह्यते पायाजवळ. लांबीले जागा पाह्यजे. मांगं सरक." मी मागे सरकले. "अन् चेंडू डाव्या पायाकडे घे." घेतला. "अन् एवढी घाई कायची हाये? गाडी सुटून राह्यली काय?" एवढं बोलून ते निघून गेले. स्वतःला जमत नव्हतं, पण पुस्तक पाठ होतं. माझ्या विरुद्धचा वकील मला आतून सल्ला देत होता आणि मला त्याचाही राग आला. मी ठरवून पुन्हा चेंडूजवळ उभी राहिले. टोला आणखी वाईट गेला.

शुक्रवारी मी दमून काठी हातात नुसती झुलवत उभी होते. पुढं-मागं, पुढं-मागं. धावड्याचं वजन आपसूक मागे जाई आणि आपसूक पुढं येई. आणि माझ्या हातांना काहीतरी ओळखीचं वाटलं. अमडापूरला ज्वारी दाण्यावर आली की आम्ही पोरं माळ्यावर चढून गोफण फिरवत पाखरं हाकायचो. गोफणीत धोंडा घातला की त्याला कोणी जोरानं फेकत नाही. आधी त्याचं वजन दोरीला लागू द्यायचं, मग फिरवायचं, आणि तो जायला लागला की एक टोक सोडून द्यायचं. घाई केली की धोंडा आपल्याच पायावर. मी तशीच काठी मागे जाऊ दिली, वर थोडी थांबू दिली, आणि येऊ दिली. धप्प झालं नाही. टक् असा एक बारीक, कोरडा आवाज झाला, आणि हाताला काही लागलंच नाही. चेंडू निंबाच्या शेंड्यावरून, कुंपणावरून, पुढच्या माळावर गेला. मी तो आणायला धावले नाही. तिथंच मातीत बसले आणि एकटीच हसत सुटले. मग शनिवारी दिवसभर तो टोला पुन्हा एकदाही आला नाही.

रविवारी उजाडताच आम्ही मैदानावर गेलो. साहेबलोक संध्याकाळी येत, त्यामुळे माळावर आम्ही दोघं आणि दूर चरणाऱ्या चार शेळ्या. थंडी होती, गवतावर दहिवर होतं. माय आली नाही. नाल्यापलीकडे कपाशी फुटून वावर पांढरंशुभ्र झालं होतं आणि त्याच्या एका अंगाला वेचणाऱ्या बाया लुगड्याच्या ओट्या पोटाशी बांधून वाकलेल्या होत्या. आबांनी हाक मारून त्यांना बाजूला राहायला सांगितलं. मग खिशातून लाल ठिपक्यांचे तीन चेंडू काढून एका रांगेत ठेवले. "मार," म्हणाले.

पहिला चेंडू मी कोलला. आठवडाभराचं सगळं विसरून, विटीसारखा. तो सरपटत गेला आणि नाल्याच्या अलीकडेच काटेरी झुडपात अडकला. मी आबांकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. दुसऱ्या वेळी मी काठी उचलतानाच त्यांच्याकडे पाहिलं, मारतानाही डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहत होते, आणि चेंडू तिरका उडून थेट शेळ्यांकडे गेला. शेळ्या पांगल्या. आबा म्हणाले, "एक राह्यला." इतक्या साध्या आवाजात म्हणाले की मला एकदम वाटलं, यांना मी हरायला हवी आहे की जिंकायला? आणि मग वाटलं, जाऊ दे, मरू दे. मी चिंध्या सोडून फेकल्या, मागे सरकले. समोर फक्त तो चेंडू होता आणि त्याच्यावरचे तीन ठिपके. काठी गेली, थांबली, आली. टक्. हाताला काही लागलं नाही. चेंडू कुठं गेला ते मी पाहिलंच नाही. कितीतरी वेळ मी खाली बघत उभी होते, चेंडू होता तिथं दहिवर पुसलं गेलं होतं, आणि तेवढंच पाहत होते. वर पाहिलं तेव्हा आकाशात काही नव्हतं.

"गेला," मी म्हणाले.

"कोठी गेला?" आबा म्हणाले. उन्हाची तिरीप समोरून होती. त्यांनाही शेवट दिसला नव्हता. "पलीकडे पडला हे दिसलं पाह्यजे. चेंडू दाखव."

आम्ही नाला उतरून पलीकडे चढलो, आणि मला रडूच कोसळायचं राहिलं. वावरभर पांढरं. हजार बोंडं फुटलेली आणि त्यात एक पांढरा चेंडू शोधायचा. मी ओळीओळीतून धावले. जिथं पांढरं दिसेल तिथं हात घालावा तर मऊ कापूस लागे. पऱ्हाटीच्या बोंडांची सुकी टोकं लागून मनगटं सोलली. आबा बांधावर उभे होते, हात पाठीमागे, कोर्टात उभे राहत तसे. "पुरावा नाई तं दावा नाई," ते म्हणाले, आणि मला त्या माणसाचा इतका संताप आला की तसा पुन्हा आयुष्यात कोणाचा आला नाही.

तेव्हा वेचणाऱ्या बायांतून साळूबाई पुढं आली. ओटी कापसानं फुगलेली. तिनं आत हात घातला, चाचपलं आणि एक चेंडू काढून आबांपुढं धरला. "हा पाहा वकीलसाहेब. माह्या मोहरंच पडला."

आबांनी चेंडू घेतला नाही. आवाज खाली आणला. "पडताना पाह्यला?"

"हाव. टिटवीवानी आला कानाजवळून."

"कोन्या बाजूनं आला?"

"तुमच्या बाजूनं. दुसऱ्या बाजूनं कोन मारून राह्यलं अथी?"

"मंग ओटीत कायले टाकला?"

"हातात आलं ते ओटीतच जाते साहेब. सकायपासून तेच तं करून राह्यलो आमी."

बाया हसल्या. आबांच्या उलटतपासणीत मी इतका टणक साक्षीदार पुन्हा पाहिला नाही. त्यांनी हात पुढं केला, चेंडू घेतला, एकदा बोटांत फिरवला आणि कोटाच्या खिशात टाकला. पण तो फिरताना मीही पाहिला. त्याच्यावर लाल ठिपके नव्हते. निळ्या पेन्सिलीची एक रेघ होती. तो कोणा साहेबाचा, केव्हाचा तरी हरवलेला चेंडू होता. मी बोलले नाही. आबा म्हणाले, "साक्ष कबूल," आणि घराकडे चालू लागले.

खामगावला पत्र गेलं. माय आठ दिवस रडली, नवव्या दिवशी तिनं ट्रंक काढली आणि त्यात शेंगदाण्याची चटणी, साजूक तुपाचा डबा, दोन नवी लुगडी भरली. साळूबाईला मी एकटीला गाठून विचारलं तेव्हा ती म्हणाली, "मले काय ठिपके समजतात माय? गोल होता, पांढरा होता," आणि जातं फिरवू लागली. आगगाडी गाठायला मलकापूरच्या मोटारीत मी अखेर बसले. भोंगा वाजला, फाटकाशी या खेपेला माय उभी होती. मला वाटलं होतं आता तरी जीव थाऱ्यावर येईल. तो आला नाही. अमरावतीला शाळा होती, मैत्रिणी होत्या, पुस्तकं होती, पण प्रत्येक परीक्षेच्या आधी मला ती निळी रेघ दिसे. ज्या माणसानं नासलेलं दूध पातेलं पाहिल्यावाचून मानलं नाही, त्याला मी फसवून इथं आले, हे मनातून जाईना. आता माझा नातू टीव्हीवर गोल्फ लावतो आणि म्हणतो, "आजी, किती शांत खेळ आहे ना?" मी हो म्हणते. त्याला काय सांगणार?

पहिल्या सुट्टीत घरी आले तेव्हा दुसऱ्याच संध्याकाळी मी ओसरीवर आबांपुढं जाऊन उभी राहिले. ते दाव्याचे कागद पाहत होते. मी एका दमात सांगून टाकलं की तो चेंडू आपला नव्हता, मला माहीत होतं, मी बोलले नाही, आणि आता काय शिक्षा द्यायची ती द्या.

आबांनी चष्मा काढला. "लाल ठिपके कोन काढत होतं?"

"तुमी."

"मंग मले दिसले नसतीन काय?"

आबा उठले, आतल्या फडताळातून शाईच्या दौतीमागून एक चेंडू काढून आणला आणि माझ्या हातावर ठेवला. तीन लाल ठिपके, एकावर माती. "दुसऱ्या दिवशी कोर्टात जायच्या आधी मी नाल्यात उतरलो," ते म्हणाले. "पलीकडच्या दरडीत रुतला होता. वरून हातभर खाली."

"म्हंजे गेलाच नव्हता."

"नाई गेला."

"अन् तरी तुमी मले धाडलं? पत्र तं तुमी त्याच दिवशी दुपारी लिवलं होतं."

घरात माय कढी घुसळत होती त्याचा आवाज येत होता. मग आबा म्हणाले, "पहिले दोन टोले तू माह्या तोंडाकडे पाहून मारले. तिसऱ्या टाइमाले तुले माही यादच नव्हती. मारून झाल्यावरबी तू वर पाह्यलं नाई. म्या वर्षभर ते पुस्तक वाचलं पोरी, माह्याच्यानं ते एकदाबी झालं नाई. दरवेळी वाटे, साहेब पाहून राह्यला." त्यांनी चष्मा पुन्हा लावला आणि कागद ओढले. "अशा पोरीले घरात बसवून म्या काय केलं असतं?"

मला तिथं उभं राहवेना. चेंडू मुठीत धरून मी आत गेले. चुलीपाशी मायनं मान वर करून पाहिलं आणि रवी थांबवली. "काय झालं वं? रडून काऊन राह्यली?"

"काई नाई माय," मी म्हणाले, "चेंडू सापडला."